सिंधू ते सहचरी

‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्यात भरती करा’ अशी चेष्टा मराठीत सर्रास चालते. तिथल्या मनोरुग्णालयांमुळे या दोन ठिकाणांची नावेच वेडाची खूण होऊन बसली. त्या चेष्टेतले क्रियापद मात्र गंभीरपणे घेण्याजोगे आहे. घरातला माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला की त्याला कुठेतरी पाठवायचे, एवढीच वाट घरच्यांना ठाऊक होती. दारूत बुडालेल्याला पाठवायला तेवढीही जागा नव्हती, त्याला सोसायचे. अशा माणसाजवळ राहायचे कसे, त्याच्याशी बोलायचे काय, हात कुठे द्यायचा आणि कुठे आखडता घ्यायचा, हे शिकावे लागते ही समजूत महाराष्ट्रात रुजायला विसावे शतक संपत आले.

पाठवण्याची सोय कायद्याने करून दिली. कंपनीचा कारभार राणीकडे गेला त्याच १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. १९१२ साली त्याची जागा नव्या ‘इंडियन ल्युनसी अॅक्ट’ने घेतली. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग ‘रिसेप्शन ऑर्डर’ निघायची. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीसच धरून आणत. कायद्याच्या लेखी नातेवाईक म्हणजे अर्जदार. ऑर्डर निघाली की त्याची भूमिका जवळजवळ संपलीच. मुंबईत एकोणिसाव्या शतकात कुलाब्याला असे इस्पितळ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ठाण्यात नौपाड्याला देणगीतून नवे उभे राहिले, पुढे येरवड्याचे वाढले. १९२०च्या सुमारास ‘असायलम’ हा शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ अशी पाटी लागली. भिंतीची उंची तेवढीच राहिली. १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम १० हजार खाटा होत्या, आणि लोकसंख्या होती ३० कोटींच्या आसपास. म्हणजे पाठवण्याचा मार्गही फार थोड्यांना खुला होता. बहुतेक मनोरुग्ण घरीच होते, आणि घराला कोणी काही शिकवलेले नव्हते.

घराने मग देवाचा रस्ता धरला. करणी, भानामती, बाहेरची बाधा या भाषेत आजार सांगितला जाई आणि देवऋषी, दर्गा किंवा गाणगापुरासारखे दत्तस्थान गाठले जाई. तिथे जाणाऱ्या कुटुंबांची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इस्पितळात माणसाला सोडून यावे लागे. देवस्थानी आई, भाऊ, बायको त्याच्यासोबत मुक्काम करीत. ओवरीत चूल मांडत, त्याला जेवू घालत, आपल्यासारखीच दुसरी कुटुंबे पाहत. सोबत होती, ज्ञान नव्हते, आणि अनेक ठिकाणी साखळदंडही होता. त्या साखळदंडाचे टोक सगळ्या देशाने पाहिले ते ६ ऑगस्ट २००१ रोजी. तमिळनाडूतल्या एर्वाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले.

दारूची गोष्ट वेगळ्या अंगाने गेली. तिच्याकडे आजार म्हणून कोणी पाहतच नव्हते. जोतिराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेकडे दारूच्या वाढत्या दुकानांबद्दल तक्रार केली, १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांवर निरोधन झाले. हा झगडा दुकानाशी आणि अबकारी महसुलावर पोसलेल्या सरकारशी होता. पिणाऱ्या माणसासाठी गावाकडे दोन जुने उपाय होते. एक शपथेचा: मुलाच्या डोक्यावर हात ठेवून किंवा देवाचा अंगारा उचलून. दुसरा तुळशीच्या माळेचा. ‘त्याने माळ घातली’ या तीन शब्दांत दारू सुटली, मटण सुटले आणि उठबस बदलली, एवढे सगळे येते. माळेमागे दिंडी असते, भजनाला बसणारी माणसे असतात, एकादशी असते. रिकामी संध्याकाळ भरून काढणारी संगत मिळाली म्हणून माळ कित्येकांना पेलली. शपथेला अशी संगत नसते. ती मोडली की पापाचा धाक तेवढा उरतो आणि त्या धाकाने माणूस आणखी पितो.

घरच्या बाईने काय करावे, याचा आदर्श मात्र रंगभूमीने घालून दिला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले आणि बालगंधर्वांची सिंधू पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर राहिली. वकिलीची सनद गमावलेला सुधाकर तळीरामाच्या संगतीने प्यायला लागतो. सिंधू माहेरची मदत नाकारते, दळणे दळते, आणि शेवटी मरणाच्या दारात असताना नवऱ्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे खोटी जबानी देते. प्रेक्षक इथे रडत आले आहेत. आजच्या व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक हेच दृश्य पाहून वेगळीच गोष्ट टिपून ठेवील: पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत सुधाकरच्या पिण्याचे परिणाम सुधाकरपर्यंत पोहोचू न देण्याचे काम सिंधू करते आहे. गडकऱ्यांवर हा आरोप नव्हे. त्यांनी दारूची घसरण जितकी अचूक लिहिली तितकी त्या काळातल्या वैद्यकालाही सांगता आली नसती. पण पतिव्रतेच्या सोशिकपणाला मिळालेल्या टाळ्या पुढच्या सत्तर वर्षांतल्या बायकांना फार महाग पडल्या.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने प्रश्न सुटला नाही. हातभट्टी फोफावली, आणि डॉक्टरी सल्ल्याने पिण्याची गरज आहे असे सांगून परमिट काढण्याची मजेदार वहिवाट पडली.

पिणाऱ्याच्या घराकडे पाहण्याची नवी नजर अमेरिकेतून आली. १९३५ साली ओहायोतल्या अॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलत राहिल्याने न पिता राहू शकले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ उभी राहिली. सभा आत चालली असताना बाहेर गाड्यांत बसून राहिलेल्या बायकांचे काय, हा प्रश्न विल्सनच्या पत्नी लोइस यांना पडला आणि १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ स्थापन झाली. तिचे म्हणणे त्या काळाच्या मानाने धाडसी होते. हा आजार बायकोमुळे झालेला नाही, तिच्या धाकाने तो आवरणार नाही, आणि तिच्या सेवेने बराही होणार नाही. तिने आधी स्वतःकडे पाहावे. भारतात ‘एए’चे काम १९५७ साली दिल्लीत सुरू झाले आणि लवकरच मुंबईत आले. चर्चच्या खोल्या, शाळांचे वर्ग, संध्याकाळची वेळ, नावापुढे आडनाव न लावणारी माणसे, आणि ‘फक्त आजचा दिवस’ हा हिशेब. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ काढले तेही याच वाटेने. मराठी घरांना या सभांची सवय व्हायला वेळ लागला. घरातली गोष्ट चारचौघांत सांगायची, तीही परक्यांना, हे पचनी पडणे सोपे नव्हते.

मनोरुग्णांच्या बाबतीत पन्नाशीच्या दशकात एक मोलाचा प्रयोग झाला, तो मात्र पूर्णपणे इथला. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले. खाटा कमी होत्या, हे एक कारण होतेच. पण तंबूत राहणाऱ्या आईने मुलाला अंघोळ घातली, औषध दिले, संध्याकाळी डॉक्टर सगळ्या कुटुंबांशी आजाराबद्दल बोलले, आणि रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले. घरी गेल्यावर आईला पुढचे ठाऊक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकात कुटुंबासह उपचाराची पद्धत स्वीकारली. पाश्चात्त्य मनोरुग्णालये तेव्हा नातेवाइकाला भेटीच्या तासापलीकडे थारा देत नव्हती.

तिकडे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हा समाजशास्त्रज्ञ एका कोड्यापाशी अडकला होता. इस्पितळातून बरे होऊन गेलेले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण खानावळवजा खोल्यांत राहायला गेले तर ठीक राहत. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटे. घर वाईट होते असे नव्हे. ब्राउन आणि त्याच्यानंतरच्या संशोधकांनी घरातली बोलणी टिपून ठेवली, आणि त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: सतत टीका, उघड राग, आणि नको तितकी काळजी. ‘ऊठ, अंघोळ कर, किती लोळतोस’ हे वाक्य प्रेमापोटी आलेले असते. औषधाने जडावलेल्या आणि आतल्या आवाजांशी झुंजणाऱ्या मुलाला ते दिवसातून वीस वेळा ऐकावे लागते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत हे टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्यासाठी हा निष्कर्ष फार वापरला गेला. त्यातला उपयोगाचा भाग एवढाच की घरातले बोलणे मोजता येते, आणि मोजता येते ते बदलताही येते.

महाराष्ट्रात हे सारे धागे एकत्र आले ते एका वेगळ्याच विषामुळे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईत ब्राउन शुगर आली. मराठीत तिला ‘गर्द’ म्हणू लागले. पुडी स्वस्त होती आणि कॉलेजातली मुले काही महिन्यांत घरातली भांडी विकण्यापर्यंत पोहोचत. पुडी मिळाली नाही की नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारख्या वेदना, उलट्या. या अवस्थेला मुले ‘टर्की’ म्हणत. एका परिचिताच्या मुलाच्या निमित्ताने डॉ. अनिल अवचट या विषयात शिरले आणि त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. पु. लं.नी १ लाख रुपयांची देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’चे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. जागा मिळाली ती येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, कारण अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता तिथे मनोविकारतज्ज्ञ होत्या. चेष्टेतल्या येरवड्याच्या भिंतीआडच सोबतीची शाळा सुरू झाली, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

उपचाराचा मुक्काम ३५ दिवसांचा ठरला. दाखल झालेल्याला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होतात. नव्याने आलेल्याने मारलेली थाप त्यांना पहिल्या वाक्याला कळते, कारण तीच थाप त्यांनी स्वतः कधीकाळी मारलेली असते. अनितांच्या ध्यानात लवकरच आले की ३५ दिवसांनी माणूस ज्या घरात परत जातो ते घर होते तसेच असते. तिथे बायको रोज रात्री खिसे तपासते, सासू तिलाच बोल लावते, मुले बापाच्या चपलांच्या आवाजावरून आज कसा दिवस आहे ते ओळखतात. बायकांचा गट सुरू झाला, त्याचे नाव ‘सहचरी’.

गटात येणारी बाई काय करत आलेली असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी नवरा उठत नाही, तेव्हा तीच साहेबांना फोन करते, ‘ताप आहे’ म्हणून. दुकानदाराची उधारी ती भागवते. बाटली सापडली की मोरीत ओतते आणि त्या रात्री मार खाते. वर्तमानपत्रातली ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून ती चहातून पूड देते. हा शेवटचा उपाय सर्वांत घातक. १९४८ साली डेन्मार्कमध्ये दारूवरचे औषध म्हणून पुढे आलेले डायसल्फिराम घेतल्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माहिती नसलेल्या माणसाचा यात जीवही जाऊ शकतो. समजून-उमजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला त्याच गोळीचा आधार होतो. तीच गत कोंडून ठेवण्याची. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, झटके येऊ शकतात, आणि दोनतीन दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसे, किडे दिसू लागतात. खोलीला बाहेरून कडी लावून बसलेल्या घराला हा वैद्यकीय तातडीचा प्रसंग आहे हे कळत नाही. ते त्याला नाटक समजतात किंवा बाधा.

सहचरीत शिकायचे ते असे साधेच असते. पांघरूण घालणे थांबवायचे: साहेबांना फोन त्याने स्वतः करावा. धमकी द्यायची तर पाळता येईल एवढीच द्यायची. प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना. मार पडत असेल तर घर सोडून सुरक्षित जागी जाणे म्हणजे नवऱ्याला टाकणे नव्हे. आणि पुन्हा प्यायला, ज्याला तिथे ‘स्लिप’ म्हणतात, तर सगळे संपले असे धरायचे नाही. सिंधूला यातले एकही वाक्य कोणी सांगितलेले नव्हते. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या. व्यसनी स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग, ‘निशिगंध’, व्हायला २००९ साल उजाडले. बाईचे व्यसन कबूल करायला समाजाला मुक्तांगणनंतर आणखी २३ वर्षे लागली.

मनोरुग्णांच्या घरांची संघटना पुण्यात १९९७ साली झाली. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तिकडे नातेवाइकांचे गट त्यांनी पाहिले होते. त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ काढली. पुण्यातल्या स्वमदत गटांनी दोन शब्द रुळवले: आजाराला तोंड देणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणारा तो ‘शुभंकर’. शब्द थोडे संस्कृताळ आहेत, पण ‘वेडा’ आणि ‘वेड्याची आई’ यांच्या जागी ते बसतात हे त्यांचे काम. वाणींच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला भाऊ आणि त्याला सांभाळताना आपला संसार सांभाळणारी बहीण यांच्या कथेतून हजारो घरांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द प्रथम नीट ऐकला.

तातडीच्या प्रसंगी, म्हणजे माणूस जीव द्यायच्या टोकाला आलेला असताना, सामान्य माणसाने काय करावे याचे शिक्षण आणखी एका धाग्याने आले. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन ठेवला. भेटायला गर्दी होई, म्हणून बाहेर बसलेल्यांना चहा द्यायला त्याने काही स्वयंसेवक नेमले. थोड्याच दिवसांत त्याला दिसले की कित्येक जण चहा देणाऱ्याशी बोलूनच हलके होतात आणि आत न येताच निघून जातात. १९५४ साली त्याने काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. तीच ‘समॅरिटन्स’ संस्था. भारतात चेन्नईच्या ‘स्नेहा’ने १९८६ साली हे काम सुरू केले. २००० साली ऑस्ट्रेलियात बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी मानसिक प्रथमोपचाराचा रीतसर अभ्यासक्रम बांधला. त्यातले लोकांना सर्वांत जड जाणारे कलम म्हणजे आत्महत्येचा विचार येतो का, असे सरळ विचारणे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही जुनी भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे. विचारल्यावर माणूस बहुधा सुटल्यासारखा बोलू लागतो. मग त्याला एकटे सोडायचे नाही, कीटकनाशक, गोळ्या, दोर हाताशी राहू द्यायचे नाहीत, आणि डॉक्टरपर्यंत सोबत जायचे. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून तयार झालेले ‘मानसमित्र’ याच कामाला ‘भावनिक प्रथमोपचार’ म्हणतात. देवऋषीकडे जाऊ नका एवढे सांगून भागत नाही, मग जायचे कोणाकडे हेही सांगावे लागते, हे त्या चळवळीला अनुभवाने कळले.

तज्ज्ञ नसलेल्याला किती शिकवता येते, याचा पुरावा गोव्याने दिला. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने गावातल्याच माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले आणि परिणाम मोजले. नैराश्य आणि अतिमद्यपान या दोन्हींवर या समुपदेशकांची मोजकी सत्रे उपयोगी पडतात, असे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात, ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावात नैराश्य हा शब्द चालत नाही. ‘टेन्शन’ चालतो, झोप नाही, भूक नाही, जीव लागत नाही हे चालते. कार्यकर्ते त्याच भाषेत बोलले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत चालते. रुग्णाइतकाच त्याच्या घरच्यांनाही तिथे सल्ला विचारता येतो.

कायदा या सगळ्याच्या मागून आला. १९१२चा कायदा १९८७च्या कायद्याने मोडीत निघाला, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चौकटच बदलली. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्याच्या व्याख्येत आले. साखळीने बांधण्यास बंदी आली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारने घ्यायची, असे ठरले. नातेवाइकाच्या अर्जाची जागा नव्या तरतुदीने घेतली. संकटात आपल्या वतीने कोणी बोलावे, तो ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आता माणूस स्वतः, बरा असतानाच, निवडून ठेवू शकतो. तो नात्यातलाच असला पाहिजे असे नाही. मित्र चालतो, शेजारी चालतो, फक्त त्याची तयारी हवी. या निवडीला मॅजिस्ट्रेट लागत नाही, डॉक्टरांचे दाखले लागत नाहीत. साध्या कागदावर नाव लिहायचे आणि खाली सही करायची, किंवा अंगठा उठवायचा.